शशिकलाबाईंच्या लांब रेघा

मालू पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिच्या अंगावर काय काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढे सगळ्यांनी कागद तपासला, अंग कोणी तपासलं नाही. डावं मनगट मोडलेलं, त्यावर सरकारी दवाखान्यातलं अजून ओलसर प्लास्टर. खालच्या ओठाला तीन टाके. उजव्या कानामागे केस मुळासकट निघालेली जागा, ग्लुकोजच्या बिस्किटाएवढी. पाठीवर पट्ट्याचे वळ. ते किती, हे तिलाही माहीत नव्हतं. शशिकलाबाईंनी तिला ताडपत्रीच्या आडोशाला नेऊन मोजले. नऊ.

"हा नववा जुना दिसतोय," आतून बाईंचा आवाज आला.

"तो गनपतीतला. तो धरू नका," मालू म्हणाली.

मी गेली तेवीस वर्षं मुद्रांक विकतोय. वळ वाढवून सांगणारे खूप पाहिले, कमी करून घेणारी ही पहिलीच.

पनवेलला कचेरीच्या कुंपणाला लागून आमची रांग आहे. मी, माझ्या डाव्या हाताला शशिकलाबाईंचं टेबल, पलीकडे महमूदचं झेरॉक्स. शशिकलाबाई एकसष्ट वर्षांच्या. हयातभर कोर्टात टंकलेखक होत्या, निवृत्तीनंतर इथे अर्ज लिहायला बसल्या. आधी टाईपरायटर होता, आता लॅपटॉप आहे, पण बटणं अजून अशी हाणतात की माझ्या टेबलावरचा चहा हिंदकळतो.

बाईंकडे रेघा तीन प्रकारच्या. आखूड रेघ दोन शब्द जोडायला. मधली रेघ इतक्यापासून तितक्यापर्यंत. आणि लांब रेघ, बोलणारा गप्प झाला त्या जागी. ही तिसरी त्यांना एका जुन्या न्यायाधीशांनी लावून दिली होती. साक्षीदार बोलता बोलता थांबला, तर ते थांबणंही कागदावर आलं पाहिजे, नाहीतर वरच्या कोर्टाला वाटतं की माणूस पोपटासारखा बोलत सुटला होता. टाईपरायटरवर बाई त्यासाठी तीनदा बटण दाबायच्या. लॅपटॉपवर महमूदनं त्यांना एका बटणावर सोय करून दिली होती.

मालू बेलपाड्याची. वय चौतीस. नवरा दोन वर्षांपूर्वी उलव्याला इमारतीच्या परांचीवरून पडून गेला. घराच्या मागच्या खोलीत ती एकटी राही, पुढच्या खोल्यांत सासू सोनाबाई आणि दीर हिराजी. हिराजीला घर पाडून वर मजले चढवायचे होते आणि मागची खोली रिकामी हवी होती. एवढंच प्रकरण. बाकी सगळी मारहाण.

बाई लिहायला लागल्या.

"कधी मारलं?"

"रविवारी सकाली. भांडी घासत होते मी."

"किती वाजता?"

"सात, साडेसात."

"मग?"

"बोलला, खोली खाली कर. मी नाय बोलले. तवा केस धरलं." मालू थांबली. "नलापर्यंत ओढत नेली." परत थांबली. "हात दगडावर ठेवला. वरून पाय दिला. मोडला तवा आवाज आला. सुका बोंबील मोडतो तसा."

"बोंबील लिहू?"

"लिवा. तसाच आला."

"घरात कोण होतं?"

"सासू. दारात उबी होती."

"तिनं पाहिलं?"

मालू गप्प झाली. चहावाला येऊन गेला, चहा निवला, चहावर साय आली. बाईंनी परत विचारलं नाही. लांब रेघ दाबली आणि पुढे गेल्या. अर्जात ती जागा अशी आहे:

"रविवारी सकाळी ७–७.३० च्या दरम्यान मी भांडी घासत असताना दीर हिराजी याने खोली खाली कर असे म्हटले. मी नाही म्हटले. त्याने माझे केस धरले — मला नळापर्यंत ओढत नेले — हात दगडावर ठेवून वरून पाय दिला. सुका बोंबील मोडतो तसा आवाज आला. सासू दारात उभी होती —"

अशा आठ लांब रेघा होत्या.

अर्ज गेला घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकारी रुचिरा मॅडमकडे. तिशीची मुलगी, खारघरला राहणारी, कामाला चोख. तिनं त्याच दिवशी शिक्का मारला, पोलीस चौकीला फोन केला आणि एक हवालदार बेलपाड्याला जाऊन हिराजीला दरडावून आला. हिराजी बहिणीकडे राहायला गेला. आठ दिवस मालूला कोणी हात लावला नाही. मॅडमचा अहवाल कोर्टात गेला असता, तर त्याला त्या घरात पाय टाकायची बंदी झाली असती. मालूला दुसरं काही नको होतं.

नवव्या दिवशी हिराजीनं वकील दिला. उदयसिंह नाव, चकचकीत बूट, बोलताना आपल्याच बोलण्यावर खूश. मॅडमच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. शशिकलाबाईंना जिना चढताना दम लागतो म्हणून त्यांची पिशवी घेऊन मी गेलो.

हिराजी कोऱ्या पांढऱ्या शर्टात, हात मांडीवर ठेवून बसला होता. मुंज लागलेल्या पोरासारखा. सोनाबाई त्याच्या बाजूला.

"मॅडम," उदयसिंह म्हणाला, "ही बाई सातवी नापास. 'च्या दरम्यान' असं बोलते का ही? आणि ही रेघ बघा. ही लांब रेघ माणूस टाईप करत नाही. शोधून सापडत नाही ती की-बोर्डवर. ही मशीनची, एआयची सवय आहे, अख्ख्या जगाला माहीत आहे. मी तपासून पण आणलंय." त्यानं मोबाईल पुढे केला. पडद्यावर लाल रंगात ९४ टक्के मशीन.

"हे मी टाईप केलंय. माझ्याकडे तीन रेघा आहेत, आखूड, मधली आणि लांब," शशिकलाबाई म्हणाल्या.

"आजी, हल्ली टाईप करणं म्हणजे काय ते मला माहितीये. मशीनला विचारायचं आणि इथून उचलून तिथं चिकटवायचं."

"आजी कोणाला म्हणतोस रे? तुझ्या सिनियरच्या सिनियरचे अर्ज मी दुरुस्त करून दिलेत. रडायचा तो."

"बघा मॅडम, पुरावा नसला की माणूस आवाज चढवतो."

"सोनाबाई, तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "मारलं का यानं?"

"माज्या पोरानं हात नाय लावला. ती पडली," सोनाबाई भिंतीकडे बघून म्हणाली.

"नळाखाली पडली?" बाईंनी विचारलं.

"बायका पडतात."

मॅडमची अडचण मला कळत होती. मागच्याच महिन्यात एका टॉवरमधून चार बायकांच्या तक्रारी आल्या होत्या, शब्दाला शब्द सारख्या, चौघींच्या नवऱ्यांनी एकाच वाक्यात मारलेलं. मॅडमनी त्या तशाच पुढे पाठवल्या आणि वरून बोलणी खाल्ली. जिभेला चटका बसलेलं माणूस ताकाकडे बघतं, तशा त्या या अर्जाकडे बघत होत्या.

"पडताळणी करावी लागेल, मावशी," त्या मालूला म्हणाल्या. मालू त्यांच्याहून फार तर चार वर्षांनी मोठी. "पंधरा दिवस लागतील."

"तवर हा घरी येनार?"

मॅडमनी कागद सारखे केले. "बंदीचा हुकूम नाहीये ना अजून."

खाली आलो तर महमूदला राहवेना. त्यानंही मोबाईलवर तेच तपासायचं यंत्र उघडलं. बाईंच्या पिशवीत त्यांचं निवृत्तीच्या वेळचं, स्वतः टाईप केलेलं आभाराचं भाषण होतं, त्याचा फोटो काढून घातला. ८८ टक्के मशीन. मग उदयसिंहानं मॅडमना दिलेल्या लेखी हरकतीची प्रत घातली, जिच्यात 'मा. महोदया, आशा आहे की आपण सुखरूप असाल' असं पहिलंच वाक्य होतं. शंभर टक्के माणूस.

"खुदा की कसम, बाई," महमूद म्हणाला, "तुम्ही मशीन निघालात आणि तो वकील इन्सान!"

मालू हसली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं हसताना पाहिलं. ओठाचा मधला टाका उसवला आणि रक्त हनुवटीवरून प्लास्टरवर टपटपलं.

ते रक्त बघून शशिकलाबाईंचं डोकं फिरलं असावं. आमच्या धंद्यात एक नेम आहे, शिक्का पडलेला अर्ज पुन्हा टाईप करायचा नाही. काही राहिलं असेल तर वेगळं पुरवणी पत्र द्यायचं, पण मूळ कागदाला हात लावायचा नाही. बाईंनी हा नेम नव्या टंकलेखकांना कान धरून शिकवला होता. त्या दुपारी त्यांनीच तो मोडला. रेघांमुळे संशय येतो तर रेघा काढून टाकू, म्हणाल्या. अख्खा अर्ज नव्यानं लिहिला. आठ लांब रेघा गेल्या. पण रेघ काढली की तिथं भोक पडतं, वाक्य लंगडं होतं, म्हणून बाईंनी भोकं बुजवली. एका ठिकाणी 'त्यानंतर', एका ठिकाणी 'लगेच', आणि शेवटी, 'सासू दारात उभी होती व तिने सर्व पाहिले'.

"असा बोलले होते मी?" मालूनं विचारलं.

"बोलली नव्हतीस. पण पाहिलंच असणार ना तिनं?"

मालूनं कागद पुढे ओढला. सही केली. मी बाजूला तोंडाला कुलूप लावून बसलो होतो, हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी परत त्याच खोलीत. उदयसिंहानं दोन्ही अर्ज शेजारी शेजारी मांडले होते. पिवळ्या पेनानं रंगवून.

"पहिल्या अर्जात सासू फक्त उभी आहे. दुसऱ्यात ती बघतेय. तिसऱ्यात काय करेल, मॅडम? टाळ्या वाजवेल?"

हिराजी हसला. सोनाबाई एकदम रडायला लागली, छाती पिटून. "माजं नाव घुसवलंन! मी नाय बघितला, देवाच्यान नाय बघितला!"

"हे कोणी बदललं?" मॅडमनी विचारलं.

"मी," शशिकलाबाई म्हणाल्या.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

बाईंनी एवढ्या वर्षांत कोणाच्या साक्षी टाईप केल्या नसतील? हजारो. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्या गप्प उभ्या राहिल्या. ती रेघ टाईप करायला तिथं कोणी नव्हतं.

मॅडमनी फाईल मिटली. "दोन अर्ज, दोन हकिकती. मी हे पुढे पाठवू शकत नाही."

मालू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, दोन हातांच्या अंतरावर, मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही अर्ज तिथं उपडे-सुलटे करून चारदा वाचले गेले. मनगटाला आत काय झालंय हे विचारायला कोणी वळलं नाही.

हिराजी त्याच दुपारी घरी गेला. चार वाजता त्यानं मागच्या खोलीचं दार लाथ घालून उघडलं. पुढचं मालूनं दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं. तिला नळावर आणलं. प्लास्टर भिजवून मऊ केलं आणि मुसळानं फोडून काढलं, आतला हातही वाचला नाही. मग दाढीचं पातं आणलं. मॅडमच्या खोलीतलं बोलणं त्यानं मन लावून ऐकलं होतं. "तुज्या बाईकडं तीन रेगा हायत ना?" असं म्हणत त्यानं तिच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूवर तीन ओढल्या. एक आखूड. एक मधली. एक कोपरापासून मनगटापर्यंत.

"लांब सगल्यात शेवटी मारली," मालू म्हणाली. "सावकाश."

ती हे सांगत होती तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते. हात टॉवेलमध्ये गुंडाळलेला, टॉवेल आधी निळा होता हे फक्त कडेवरून कळत होतं. महमूद रिक्षा बघायला धावणार होता, तिनं थांबवलं.

"आदी लिवा. मग दवाखाना."

"मालू, दवाखान्यात आधी," शशिकलाबाई म्हणाल्या.

"तिकडं पुसून टाकतील. तुमी लिवा, बाई. या बारीला काय गालू नका, काय काडू नका."

बाईंनी लॅपटॉप उघडला. पहिली ओळ झाली असेल नसेल, मोटरसायकल फूटपाथवर चढून आली. हिराजी उतरला तो चालू गाडी तशीच आडवी टाकून.

"परत लिवतेस काय गं? पोट नाय भरलं?"

त्यानं टेबलाला लाथ घातली. लॅपटॉप गटारात गेला. बाई तो पकडायला वाकल्या, त्यांचा हात टेबलाच्या कडेवर राहिला, आणि हिराजीनं उलटं झालेलं टेबल बुटानं दाबलं. बाईंची दोन बोटं खाली होती. तो आवाज मी ऐकला आणि मला बोंबलाची आठवण झाली. महमूद मध्ये पडला, "अरे भाई, बुढी औरत है," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या नाकावर हिराजीचं कपाळ बसलं. महमूद झेरॉक्स मशीनवर आपटला. काच फुटली, आतली हिरवी बत्ती फिरत राहिली. मी काय केलं ते या यादीत नाही, कारण मी काही केलं नाही. माझी मुद्रांकाची पेटी छातीशी धरून उभा होतो.

हिराजीनं मालूचे केस धरले. त्याच जागी, कानामागे. ती खाली बसली, किंवा बसवली गेली, आणि जमिनीवर बाईंच्या टेबलावरून सांडलेल्या सामानात तिचा उजवा हात फिरला. टाचण्या, शाईचा पॅड, दोऱ्याचं रीळ. आणि दाभण. जाड दस्त शिवायला आम्ही वापरतो ते, वीतभर लांब, लाकडी मुठीचं. तिनं ते उचललं आणि बसल्या जागेवरून वर मारलं. पहिला घाव मांडीत. तो ओरडला पण केस सोडले नाहीत, उलट खाली वाकला. दुसरा घाव कानाच्या खाली, मुठीपर्यंत. ओढून काढला. तिसरा तिथेच, बोटभर बाजूला.

हिराजीनं केस सोडले. मानेला हात लावला, हात बघितला, आणि महमूदच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसला, पाहुण्यासारखा. बोटांच्या फटींतून रक्त पिचकारीनं येत होतं. कोरे कागद वरून खाली लाल होत गेले. तो काहीतरी बोलत होता, पण फक्त बुडबुडे येत होते. रिक्षात घातला तेव्हा डोळे उघडे होते. दवाखान्याच्या फाटकात मिटवावे लागले.

मालू पळाली नाही. टॉवेल हाताला परत नीट बांधला आणि शशिकलाबाईंची चिरडलेली बोटं मांडीवर घेऊन बसली. पोलीस येईपर्यंत दोघी तशाच.

चौकीत तिची जबानी लिहून घेतली. हवालदारानं विचारलं, तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. बारा मिनिटं लागली. त्यात 'पूर्ववैमनस्यातून', 'जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने', 'तीक्ष्ण हत्याराने वार करून' असं सगळं आहे. सातवी नापास बाईच्या तोंडी 'पूर्ववैमनस्य' कुठून आलं, हे कोणी विचारलं नाही. कोणी मोबाईल काढला नाही.

मालूला एवढंच कळलं की या खेपेला तिचं म्हणणं लगेच पटलं. "लिवा ना," ती हवालदाराला म्हणाली म्हणे, "मशीननं मारला म्हनून लिवा. बगा पटतंय का कुनाला."

त्यानं ते लिहिलं नाही.

रुचिरा मॅडमनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही अर्जांच्या प्रती पोलिसांना दिल्या. रडून दिल्या म्हणतात. मी पाहिलं नाही, म्हणून धरत नाही. खटला उभा राहायला सव्वा वर्ष गेलं. आणि सरकारी वकिलांनी मालूविरुद्धचा पहिला पुरावा म्हणून काय लावलं, तर तोच पहिला अर्ज, आठ लांब रेघांचा. दिराबद्दल हिच्या मनात किती विष होतं बघा, खून करण्याचं कारण यातच आहे. सोनाबाईतर्फे उदयसिंह मदतीला होताच. तेच बूट, तोच अर्ज. आता त्याचं म्हणणं, ही आरोपीची स्वतःची, अस्सल भाषा आहे. 'बोंबील' असं मशीन लिहील का?

शशिकलाबाईंना साक्षीचं समन्स आलं. आदल्या आठवड्यात त्या तुरुंगात मालूला भेटायला गेल्या, मी सोबत. बाईंची दोन बोटं वाकडीच राहिलीत, आता टाईप करत नाहीत.

"मी असं म्हणू शकते की शब्द माझे होते," बाई जाळीतून म्हणाल्या. "दुसरा अर्ज मी बदलला, मग पहिला पण मीच रचला. कोर्टाला पटेल, आधी पटलंच होतं. मग तो कागद पडतो. तुझ्यावरचं एक ओझं कमी."

"म्हंजी मी सांगितला ते खोटा?"

"तेवढ्यापुरतं."

"मग माजा हात कुनी मोडला?"

बाईंनी वाकडी बोटं पदराखाली घेतली.

"नलाखाली पडले असंच ना? सासू बोलली तसं?" मालू जाळीला तोंड लावून हळू बोलत होती. "बाई, मना सोडवायला नका बगू. तो मेला, मी मारला, त्याचा जो काय असेल तो भोगीन. पन तो कागद खरा हाय ना?"

"आहे."

"मग खरा म्हना."

"शिक्षा वाढेल गं."

"वाडूद्या. एकदा कुनीतरी खरा म्हनूद्या."

साक्षीच्या दिवशी शशिकलाबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. ज्या कोर्टात त्या खालच्या टेबलावर बसून पस्तीस वर्षं इतरांचं बोलणं टिपत होत्या, तिथंच. सरकारी वकिलांनी अर्ज हातात दिला.

"हा आरोपीनं सांगितला तसाच लिहिलाय?"

"तसाच. एक शब्द माझा नाही. 'च्या दरम्यान' एवढा माझा."

"आणि या रेघा?"

"तिथं ती थांबली होती."

"कशासाठी थांबली?"

"पहिल्या रेघेला ओठाचे टाके ओढले म्हणून. सहावीला केस धरल्याचं सांगताना हात आपोआप कानामागे गेला म्हणून. आठव्या रेघेला सासूनं पाहिलं का असं मी विचारलं, आणि तिला म्हातारीला गोवायचं नव्हतं. ते मी नंतर गोवलं. चूक माझी आहे. दुसरा कागद माझा आहे, पहिला तिचा."

उदयसिंह उठला, परत बसला. अर्ज अस्सल आहे असं त्यांच्याच बाजूचं म्हणणं होतं. आता खोटा कसा म्हणणार? पण अस्सल म्हटला तर दगड, पाय, पट्टा, सगळंच अस्सल.

सोनाबाई मागच्या बाकावर होती. तिनं पदर तोंडात धरला होता.

न्यायाधीश साहेबांनी अर्ज मागून घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, लांब रेघांवर थांबत थांबत. मग चष्मा काढून आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघितलं.

"हात दाखव," ते म्हणाले.

"कंचा?" मालूनं विचारलं.

"दोन्ही."

मालूनं बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवले. डावं मनगट तिरकं सांधलं होतं. उजव्या हातावर तीन पांढऱ्या रेघा होत्या, आणि साहेबांची नजर सगळ्यात लांब रेघेवर थांबली.